आईचा फोटो दत्तूने काढला

रत्नागिरी, गुरुवार, ता. १४ डिसेंबर १९३३

आज माझ्या आईचा फोटो दत्तूने काढला. माझ्या आईचा! स्टुडिओत तो माझ्यानंतर कामाला लागला. मुंबईच्या दादाला पाठवायचा फोटो म्हणून मालकांनी आधी मलाच कॅमेऱ्यामागे उभे केले होते. पडदा, उजेड, खुर्ची, सारे मी नीट मांडले. "आई, हनुवटी वर. हलू नकोस," म्हणालो, तर तिने दोन्ही मुठी आवळल्या, जणू दात उपटायला बसली आहे. त्या मुठी काही सुटेनात. मालक म्हणाले, "दत्तू, तू बघ."

दत्तूने नुसते विचारले, "काकी, बांगड्याच्या सारात तिरफळं किती घालता ओ?"

"पाच-सहा पुरे. बी मात्र काढायची हां, नाहीतर कडवट होतं," म्हणत आई हसली. मुठी उघडल्या. त्याने कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला. झाले.

यात कसली कला? पण फोटो सुरेख येणार हे मला कळते, म्हणूनच जळतो आहे.

घरी येताना आई म्हणाली, "गुणी पोर हो. रविवारी जेवायला बोलाव त्याला."

"रविवारी तो गावाला जातो," मी म्हणालो.

खोटेच. दत्तूला ना गाव, ना आई. रविवारीही तो खानावळीतच जेवतो.

जेवू दे तिथेच.