ठेंगणीची कालवड

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ठेंगणी महिनाअखेरीस व्यायची म्हणतोस, तर हिरव्या चाऱ्याबरोबर वाळकी वैरणही दे आणि पेंड एकदम वाढवू नकोस. माझ्या लग्नात तू शब्द दिला होतास, ठेंगणीची पहिली कालवड माझी. तिच्यावरच इथला गोठा उभा राहायचा आहे. चुना लावून, खुंटा रोवून बसले आहे. सासूबाई रोज विचारतात की खुंट्याला बांधायचं कुणाला, त्यांना की काय!

एक मात्र हात जोडून सांगते. आपल्याकडे व्याल्यावर गाईची वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. ते चूक आहे. जन्मल्यावर तासाभरात दोन लिटर तरी चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी झगडायची ताकद त्यातूनच मिळते, आणि उशीर झाला की वासराच्या पोटाला ती घेता येत नाही. इथल्या पशुवैद्यांनी मला नीट समजावलं आहे.

वहिनीला नमस्कार.

तुझ्या मायेची हक्कदार,
धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरीणबाई, तुमचं पत्र घरभर वाचून हसलो. आधी पाजलं तर वार अडकते, असं बाबा जन्मभर म्हणत आले. तरी तुझा मान राखला. परवा बांडी व्याली, गोऱ्हा झाला. त्याला लगेच पाजून पाहिलं. गोऱ्हाच तो, काही झालं असतं तरी फारसं बिघडत नव्हतं. पण लबाड टणाटण उड्या मारतोय, आणि बांडीची वारही वेळेवर पडली. वहिनी म्हणते, नणंदबाई हुशार निघाल्या.

आठवण ठेव, पत्र टाकत जा.

तुझा,
दादा

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं सुचत नाही. सत्तावीसला सकाळी ठेंगणी व्याली. कालवडच झाली, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. ही तुझी, म्हणून नवं काही करायचा धीर झाला नाही. बाबांच्या रीतीनेच गेलो. वार संध्याकाळी पडली. तोवर कालवड कासेकडे धडपडत होती आणि मी तिला धरून उभा होतो. मग पोटभर पाजलं. तिसऱ्या दिवशी हगवण लागली, पाचव्या दिवशी कालवड गेली. पशुवैद्यांनी फक्त चीक कधी दिला ते विचारलं. वहिनी माझ्याशी बोलत नाही.

गोऱ्हा ठणठणीत आहे. तो पाठवू का?

तुझा,
दादा

९ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

माझं पत्र फाडून टाकलं असतंस तर एवढं लागलं नसतं. तू ते पडताळून पाहिलंस, खरं निघालेलं डोळ्यांनी बघितलंस, आणि ज्या जिवाची किंमत होती त्याच्या वेळी माझ्यावर भरवसा ठेवला नाहीस.

गोऱ्हा पाठवू नकोस. तो तुझ्याच गोठ्यात वाढू दे. रोज वैरण टाकताना तुला दिसला पाहिजे.

खुंटा मी काल उपटला. ठेंगणी दुधात आहे, तिची पेंड आता हळूहळू वाढव. आणि तिच्या पुढच्या वासराचा शब्द कुणाला देऊ नकोस.

लोभ असू द्यावा, असं आज हातून लिहवत नाही.

धाकटी