मनकर्णाबुढीचे हात

अमरावती
पौष वद्य पंचमी, शके १७८६

चि. सौ. रुखमीस वच्छीचा लय लय आशीर्वाद.

आमी खुशाल. औंदा कापसानं कहर केला व! साता समुद्रापलीकडं कोणाची लढाई चालू हाय म्हणते, म्हणून कापसाले सोन्याचा भाव, अन् इथं आमच्या घरात पाय ठेवाले जागा नाही. तू बरी हाय असं लिहिलं. पण जवाईबापू आले तवा सांगत होते का तू चालता चालता खाली बसतं. खोटं लिहितं काहून व?

अप्पानं आपल्याले अक्षरं शिकवली हे बरं केलं. हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको.

मलेही तेच होतं. वर्षभर अंगावरून जात होतं. सांगतलं असतं तर सुईण आली असती, अन् तिनं तो डाग पाहिला असता. बेंबीपासून मांडीपर्यंतचा, काळा, केसाळ. तुलेही तोच. माय म्हणे, हडळीनं हात फिरवला पोरींवर, कोणाले दावू नका. नवऱ्यालेही मी आजपर्यंत... जाऊ दे.

पंधरा दिवसांआधी भाकर थापता थापता पडली. सासूबाईनं मनकर्णाबुढीले आणलं. आपल्या बाळापूरची सुईण, डोळे गेल्यापासून लेकीपाशी इथं राहते. मले वाटलं, बरं झालं बाप्पा, आंधळीले काय दिसते!

आमाले कापसाच्या खोलीत बसवलं. भर दुपार, पण आढ्यापर्यंत कापूस रचलेला. तिथं आवाजच होत नाही. मी रडली ते मलेच ऐकू आलं नाही. तिचे थंडगार हात पोटावरून खाली गेले अन् डागावर येऊन थांबले. लय वेळ थांबले.

"मैनाची लेक तू," बुढी म्हणे.

मी मायचं नाव काढलं नव्हतं.

"तुमच्या दोघीच्या जन्माच्या वक्ती मैनानं माह्या डोळ्यावर पट्टी बांधली होती. तवा मले चांगलं दिसे. म्हणे, हातानं काय करायचं ते कर, पाहू नको. हाच डाग तिच्याही अंगावर माह्या हाताले लागला. मंग लय वर्षांनं तिच्या अंगावरून जाऊ लागलं, तर पट्टी बांधूनही येऊ देलं नाही. कोणीतरी आतून कडी लावली. मी दारातून वापस आली."

मी म्हटलं, डाग लय भद्दा हाय ना? तर हासली.

"काळ्या जमिनीवर जन्म गेला अन् काळ्याले भेतं? हजार पोटं चाचपली मी, कोणाचंच कोरं नाही. आत सूज हाय तुह्या. येळेवर सापडली."

तिच्या काढ्यानं आता थांबलं. परवा पहिल्यांदा दिवसाउजेडी न्हायली, डागाकडं पाहत. तेवढा काही वाईट नाही व.

काल बुढी आली अन् उभ्या उभ्या म्हणे, "अन् दुसरी कुठं हाय?" दर्यापूर म्हटलं, तर बसलीच नाही. आमच्या रिकाम्या बैलबंडीतून तीच येऊन राहिली. पत्र तिच्याच पदराले बांधलं. वाचून होईपर्यंत ती तुह्या ओट्यावर बसली असन.

माय तापानं गेली असं मी तुले सांगत आली. रुखमे, मायनं सांगतलं म्हणून कडी मीच लावली होती. बारा वर्षांची होती मी. बुढीले ते ठाऊक हाय का, मी विचारलं नाही.

तिले आत घे.

मायची अन् तुही गुन्हेगार,
वच्छला