यादीत राहिलेलं नाव

२६ नोव्हेंबर, बुधवार

सगळ्यात आधी आली ती नातीच्या वर्गातल्या पिंकीची आजी, नऊवारी नेसून, अन् पहिल्या बाकावर अशी बसली की जसा वर्ग तिच्याच नावावर आहे. मंग आम्ही. म्हणजे मी, देवकी, अन् आमचे हे. भिवापूरहून धरमपेठेत लेकाकडे राहाले येऊन आठ दिवस झाले, तर लगेच शाळेचं बोलावणं. मी चौथीत शाळा सोडली होती. आज साठ वर्षांनी बाकावर बसली, लई हरखली. ही वही नातीनं दिली, मयुरानं. रोज लिहीजो म्हणे आजी.

सून दीपमाला याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आज संविधान दिन, म्हणून पोरायसोबत आजी-आजोबांचा खेळ ठेवला. टॅबवरचा खेळ. काजल अन् अंकित म्हणून दोघं कंपनीतून आले होते, चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्यायनं. त्यायनं समजावलं. टॅबात एक खोली, खोलीले कुलूप, आत आपल्या घरचे सगळे चित्रातले उभे. घरातल्या मोठ्या बाईनं एकेकाचं नाव बोलून यादी करायची. यादीतल्यायनं मत टाकलं की दार उघडते. पोरायच्या म्हणे असं ध्यानात राहते, की यादीत नाव नसलं तर माणूस असून नसल्यासारखा.

मी लेकाचं नाव घेतलं, रजत. मंग सुनेचं, मयुराचं, माहं. ह्यायच्या नावापाशी थांबली. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत आमच्यात. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. सून म्हणे, खेळात तरी घ्या न जी आई. पिंकीची आजी म्हणे, इचं काय आजच लगन आहे काय वं? हे शेजारी बसून मिशीत हसून राहिले होते. मी लाजून हिरवं बटण दाबून टाकलं. 'यादी पूर्ण' असं आलं, चौघायच्या चित्रायनं मत टाकलं, घंटी वाजली, दार उघडलं. चार चित्रं बाहेर आली. ह्यायचं, पांढऱ्या टोपीचं, आतच राहिलं अन् कुलूप पुन्हा लागलं. वर्ग हसला. सगळ्यात जास्त मी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दीपमालानं चारच ताटं वाढली. मी विचारलं, सासऱ्याले आज उपास काय? ती बावरली, पाचवं ताट आणलं. शाळेचं काम लई असते, होते असं. हे म्हणे, म्हातारा झालो की मोजतच नाही कोणी. भाजलेली मिरची मागून घेतली अन् दोन भाकरी जेवले. इथली मिरची त्यायले मिरची वाटतच नाही, भिवापूरचीच लागते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सीताबर्डीले गेलो, ह्यायले स्वेटर घ्याले. ऑटोत हे माह्या बाजूले बसले होते. ऑटोवाल्यानं वाटेत एका बाईले म्हटलं, बसा, जागा आहे. अन् ती बसली. ह्यायच्या जागेवर. हे कसेबसे सरकले. बाईनं सॉरीही नाही म्हटलं. दुकानदारानं स्वेटर माह्याच अंगाले लावून पाहिलं.

परत येताना ह्यायनं माहा हात घट्ट धरून ठेवला.

१ डिसेंबर, सोमवार

रजतले विचारलं, बाबायसोबत दोन दिवसांत एक शब्द तरी बोलला काय गा? हे समोर खुर्चीवर होते. रजत सुनेले हळूच म्हणे, आईले डॉक्टरकडे दाखवू.

ह्यायचं आधार कार्ड काढलं. फोटोची जागा कोरी. नावाची पण. पाण्यानं धुतल्यासारखी.

मयुराचा शाळेचा टॅब घरी आहे. खेळ उघडून मागितला. टोपीचं चित्र दाराशी बसलं आहे. त्याच्या अंगात आपण शनिवारी घेतलं तेच स्वेटर.

३ डिसेंबर, बुधवार

ठरवलं. नाव घेते, लाज गेली खड्ड्यात. टॅब तोंडापाशी धरला. आलं नाही. जिभेवर नाही, डोक्यातही नाही. उखाणा आठवते. 'भिवापुरी मिरचीले चढला लाल रंग, —रावायचं नाव घेते मैत्रिणीयच्या संग.' मधे नुसता श्वास येते.

ह्यायलेच विचारलं. त्यायचे ओठ हलले, आवाज नाही. मंग हाताच्या खुणेनं सांगितलं, तूच सांग. रडून राहिले होते. मी त्यायले कधी रडताना पाहिलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार

दिराले, भैयाजीले, गावी फोन केला. वहिनी बोलते म्हटलं. कोण वहिनी, विचारलं. मले भाऊच नाही म्हणे. राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

लग्नाच्या फोटोत मी एकटीच. हार मात्र दोन.

५ डिसेंबर, शुक्रवार

खुर्ची रिकामी. चष्मा नाही, चप्पल नाही. ताट वाढलं तर सून उचलून घेऊन गेली, न बोलता —

टॅबातून ठकठक येते. बाकी कोणाले ऐकू येत नाही. मी काचेवर हात ठेवला तर आतून —

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी काजल अन् अंकित घरी आले, टॅब तपासाले. मी सांगितलं, आत एक माणूस राहिला आहे, दार उघडा. काजल गोड बोलली. उघडता येते आजी, यादीत घालू, फक्त नाव सांगा. मी —

अंकितनं घड्याळ पाहिलं. सगळ्या वर्गांच्या टॅबातल्या जुन्या खोल्या पुसून नव्या टाकायच्या आहेत म्हणे. तोवर आठवलं तर बघू.

गेले. ठकठक सुरूच आहे, पण आता हळू, थकल्यासारखी. लिहून ठेवते, विसरली तर — मंगळवारी खोल्या पुसाले येतो म्हणाले. मंगळवार, ९ डिसेंबर. त्याच्या आत नाव. त्यायचं नाव —