घंटी उजवीकडून आली

काम्पेन, ४ ऑक्टोबर १९९४

चि. लुमी हिला हार्मकेताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोहरीची बरणी आणि लोकरी मोजे पोचले. टपालाला साडेसहा गिल्डर घातलेस. तेवढ्यात इथे मोजे आले असते. पण तू विणलेत, म्हणून गप्प बसते.

सोबतच्या पत्राने मात्र जिवाला घोर लावला. कालव्याकाठच्या वाटेवर बेकरीवाली अनेखिन तुला चुकवताना सायकलसकट पडली, मनगट मोडलं. तू लिहितेस, ती वाऱ्यासारखी आली, घंटीसुद्धा वाजवली नाही. आता नगरपालिकेत हेच सांगून त्या वाटेवर सायकली बंद करायला लावणार. अगं, ती बाई त्याच वाटेने घरोघरी पाव पोचवते! घंटी वाजली नाही, की तुला ऐकू आली नाही? आधी प्रार्थना कर, मग उत्तर लिही.

तुझी काळजी वाहणारी,
हार्मके

ग्रोनिंगेन, ७ ऑक्टोबर

ती. ताईला सा. न. वि. वि.

मी काय बहिरी आहे? घंटी वाजली होती, रागाच्या भरात तसं लिहिलं गेलं. पण वाजली उजवीकडून! म्हणून मी डावीकडे सरले, तर बाई डावीकडेच. हल्ली सगळे असेच. घंटी एकीकडे वाजवतात, येतात दुसरीकडून. परवा एका विद्यार्थ्याने जाता जाता विचारलं, आजी, नाचताय का? मेला!

अनेखिनला बघायला गेले. ती म्हणाली, चूक माझीच, मी उतरून चालायला हवं होतं. झालं की नाही कबूल? पुढच्या गुरुवारी नगरपालिकेत मी बोलणारच. तू उगाच तिची कड घेऊ नकोस.

माया असू दे.
लुमी

काम्पेन, ८ ऑक्टोबर

चि. लुमीला आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचल्यापासून कामात मन लागत नाही. वेडे, आपल्याकडे सगळे रस्त्याच्या उजव्या कडेने जातात, म्हणून चालणाऱ्याला ओलांडून सायकल डावीकडूनच पुढे जाते. घंटीही तिकडूनच वाजली. तुझा डावा कान गेला आहे, म्हणून तुला सगळं उजवीकडूनच आल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात चर्चमध्ये मी तुझ्या डावीकडे बसून स्तोत्राचा आकडा सांगत होते आणि तू उजवीकडच्या परक्या बाईला डोळे वटारून गप्प राहा म्हणालीस. बिचारी सबंध प्रवचनभर खोकलीसुद्धा नाही. तेव्हा मी हसले होते, आज हसू येत नाही.

अनेखिन देवाला भिऊन दोष अंगावर घेते आहे, आणि तू घेऊ देते आहेस. गुरुवारची वाट बघू नकोस. बेकरीत जा, गिऱ्हाइकं असतील तेव्हाच जा, आणि सांग की चुकीच्या बाजूला मी सरले. कानाच्या डॉक्टरकडे नंतर जाऊ. लाज वाटेल, वाटू दे.

मी बुधवारी येते. तिचं मनगट जुळेपर्यंत पाव हातगाडीवर घालून आपण दोघी पोचवू.

तिला सांगितलंस का, एवढंच उलट टपाली कळव. नसलं सांगितलं तरी कळव. मी स्टेशनावरून आधी बेकरीतच जाईन.

तुझीच,
ताई