फरक शून्य

७ एप्रिल, सोम. लातूर.
दुसऱ्या वर्षाच्या सर्व्हेइंगच्या फाइली तपासायला घेतल्या. लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून मैदानाला फेरी मारायची, निघालो त्याच खुणेवर परत यायचं. आल्यावर उंचीत दोन-चार मिलिमीटरचा फरक निघतोच. बारा गटांपैकी अकरांचा फरक शून्य. फाइलींतलं इंग्रजीही असं की मलाच शब्द अडले. बाराव्या गटाने फाइलच दिली नाही, बरं केलं.

८ एप्रिल
वर्गात विचारलं, एआयकडून कोणी करून घेतलं? सगळे गप्प. दुपारी सारिका केबिनमध्ये आली. इस्लापूरची, घरातली पहिलीच इंजिनिअर होऊ घातलेली. गटाचं आकड्यांचं काम मी एकटीने मोबाईलवरून केलं, म्हणाली. मला तिचाच राग आला. न बोलणाऱ्या दहा गटांचा नाही आला.

९ एप्रिल
एचओडी सरांना सांगितलं. त्यांच्या मते ही कॉपीच. टर्मवर्क नापास, म्हणजे मुलीचं वर्ष गेलं. बाकी गटांचं काय? "पुरावा कुठंय? कशाला ताणून राहिलात मॅडम." चोर सोडून संन्याशाला फाशी. अर्थात सारिका काही संन्यासी नाही.

११ एप्रिल, शुक्र.
सारिकाला बोलावलं. मैदानात मोजलं तरी होतं का? तिने सॅकमधून फील्डबुक काढलं. घामाने पानं फुगलेली, खाडाखोड, फरक सहा मिलिमीटर. चालण्यासारखा. मग हेच का नाही दिलं?
"मॅडम, मागल्या टायमाला खरं लिहिलं तर तुम्ही चार मार्क कापले. शून्यवाल्यांचे न्हाई कापले. मंग मोबाईललाच म्हनलं, जुळवून दे."
मी तिला जा म्हटलं.

१२ एप्रिल, शनि. नांदेड.
बसमध्ये तेच डोक्यात. आम्ही शिकायला होतो तेव्हा शेवटचा आकडा आधी लिहायचो आणि तिथून उलटं मागे यायचो. सगळे तसंच करायचे. आमच्या सरांना ठाऊक होतं, सही ठोकून मोकळे व्हायचे. मीही इतकी वर्षं तशाच सह्या करत आले. लाज वाटली. घरी कोणाला सांगितलं नाही. जेवण झाल्यावर यांनी विचारलं, तब्येत ठीक ना. हो म्हटलं.

१५ एप्रिल, मंगळ. लातूर.
काल सुट्टी होती. सकाळी सरांना सांगितलं, मुलीने मोजलं होतं, मार्क देण्याची माझीच पद्धत चुकीची. सर म्हणाले, "लेखी द्या. पण मग मागच्या बॅचेसच्या फाइलींवर पण तुमचीच सही हाय, बघा." उद्या संध्याकाळी पाचला टर्मवर्कच्या मार्कांची यादी विद्यापीठाकडे जाते. यादीत सारिकाच्या नावापुढे नापास.
संध्याकाळी खोलीवर अर्ज लिहिला. खऱ्या मोजणीचे मार्क मी कापत आले, एवढंच त्यात आहे. तीनदा वाचला, चूक सापडली नाही. सही अजून केलेली नाही.