नानांची कोरडी लाकडं

नाना, काल आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान होतं. आपल्यामागे मुलांना त्रास होऊ नये म्हणून स्वतःच्या अंत्यविधीचं आधीच काय काय ठरवून ठेवावं, असा विषय. मीही आता ज्येष्ठच, तेव्हा मानाने पहिल्या रांगेत बसवलं. वक्ते बरे बोलत होते, सगळे माना डोलावत होते, आणि मला मात्र तुमचा असा काही राग यायला लागला की व्याख्यान अर्धवट टाकून मी घरी आले. ठरवून ठेवण्याच्या गोष्टी मला कोणी शिकवू नयेत. ज्या घराच्या परसात वडिलांनी स्वतःच्या सरणाची लाकडं रचून ठेवली होती, त्या घरातून मी लग्न होऊन बाहेर पडले आहे.

वांगणीचे काका भर पावसात गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. तुम्ही तिकडून बदलापूरला परत आलात ते चिंब भिजून, अंगाला रॉकेलचा वास, डोळे धुराने लाल. मोरीवर पाय धुता धुता तुम्ही जाहीर केलंत, ‘‘मी ओल्या लाकडावर जाणार नाही.’’ आम्हाला वाटलं, माणूस दमलाय, बोलतोय. पण तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर्स सांभाळलेलं. माल संपायच्या आत मागवायचा, ऐन वेळी धावपळ करायची नाही, हे तुमच्या हाडात मुरलेलं. घरात साबण, बल्ब, काडेपेट्या नेहमी शिल्लक असायच्या, त्याचं आम्हाला कौतुकही होतं. म्हणून दिवाळीनंतर दारात टेंपो उभा राहिला आणि त्यातून आंब्याचे ओंडके उतरायला लागले, तेव्हा आई आधी हसली. मग तिला कळलं आणि ती आत जाऊन पलंगावर बसली.

टेंपोबरोबर उल्हासनगरचे तुमचे ते सिंधी मित्र आले होते, वखारवाले. घामाने भिजलेले, पण भलतेच खुशीत. ‘‘साईं, माझ्या वखारीत लोग दुसऱ्याच्यासाठी लकडी घ्यायला येतात, रडत येतात. हा पहिला गिऱ्हाईक जो खुदके लिये आया, और भाव भी करके गया!’’ असं ते आईला सांगत होते आणि आई त्यांना पाणीसुद्धा द्यायला बाहेर येत नव्हती. तुम्ही त्यांना विचारलंत, तुमचं स्वतःचं काय? ते म्हणाले, ‘‘मेरा क्या, जो माल नहीं बिका, उसपे मुझे डाल देंगे.’’ मग दोघं परसात विटांवर लाकडं रचत कितीतरी वेळ हसत होतात. मला तेव्हा तुमच्या दोघांच्याही डोक्याची काळजी वाटली होती.

आणि नुसती रचून थांबला असतात तर ठीक. दर पावसाळ्याआधी त्यावर प्लास्टिक, दर हिवाळ्यात ऊन दाखवणं, वाळवीसाठी पावडर, फटींमध्ये कडुलिंबाचा पाला. आई म्हणायची, ‘‘अहो, माझ्या लोणच्याच्या बरणीला कधी एवढं ऊन दाखवलं नाहीत.’’ एकदा गॅस संपला होता आणि नवा सिलिंडर यायची चिन्हं नव्हती, म्हणून तिने बंबात घालायला त्यातलं एक लाकूड ओढलं. तुम्ही असे ओरडलात की भिंतीपलीकडचे लोक धावत आले. ‘‘मला काय हप्त्याहप्त्याने जाळणार आहेस?’’ आईने ते लाकूड तुमच्या पायाशी टाकलं आणि दोन दिवस अबोला धरला. कारखान्यातले तुमचे लिंगायत मित्र घरी आले की त्यांच्याशी तुमची यावर रंगात येऊन चर्चा. ते म्हणायचे, आमच्यात बसवून पुरतात, लाकडाचा प्रश्नच नाही, तुम्हीही या आमच्यात. तुम्ही गुडघे चोळत म्हणायचात, ‘‘मला इथे मांडी घालता येत नाही, तिथे कायमची कशी घालू?’’ आई आतून भांडी आपटायची.

मला बघायला आलेली ती पहिली माणसं तर मी विसरूच शकत नाही. हात धुवायला मुलाची आई मागे गेली आणि परत येऊन कौतुकाने म्हणाली, लाकडं छान ठेवली आहेत हो. आई पटकन म्हणाली, ‘‘बंबासाठी.’’ नाना, तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचं काय बिघडलं असतं? पण नाही. ‘‘बंबासाठी कसली, माझ्यासाठी आहेत,’’ असं म्हणून तुम्ही त्यांना आंब्याचं लाकूड कसं स्वच्छ जळतं ते समजावून सांगायला लागलात. त्या बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. त्यांच्याकडून निरोपसुद्धा आला नाही. पुढे माझं लग्न अंबरनाथला चांगल्या घरी झालं ही गोष्ट वेगळी, पण त्यात तुमच्या लाकडांचा काहीही हात नव्हता.

मग आई गेली. तुमच्या आधी, ध्यानीमनी नसताना, श्रावणात. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. दादा नाशिकहून पोचला होता, शेजारचे बाप्ये घाटावर बघून आले आणि दारातच उभे राहून कुजबुजायला लागले, लाकडं पार भिजलेली आहेत. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. उठलात, परसात गेलात आणि स्वतःच्या हाताने प्लास्टिक ओढून काढलंत. दादा म्हणाला, ‘‘नाना, अहो ही तुमची...’’ तुम्ही म्हणालात, ‘‘लागेल तेव्हा वापरायचा, त्यालाच स्टॉक म्हणतात. उचला.’’ जिने ती लाकडं आयुष्यात एकदाही धड नजरेने पाहिली नाहीत, तिच्यासाठी ती गेली. माणसं दुपारीच परत आली. सगळे म्हणत होते, कसं सुरळीत झालं.

त्यानंतर परसात नुसत्या विटा राहिल्या. वखारवाले दोनदा येऊन गेले, टेंपो पाठवतो म्हणाले, तुम्ही नको म्हणालात. मी दर रविवारी डबा घेऊन बदलापूरला यायचे आणि येता-जाता त्या विटा बघायचे. माझी मलाच कमाल वाटते, पण एका रविवारी मीच तुमच्याशी भांडायला लागले, की नाना, पुन्हा लाकडं मागवा. तुम्ही कोथिंबीर निवडत बसला आहात. मान वर न करता म्हणता, ‘‘आता कशाला?’’ मी म्हणते, कशाला म्हणजे, ओल्या लाकडावर जाणार नाही म्हणत होतात ना? मग तुम्ही सांगता. काका गेले तेव्हा सरण पेटता पेटेना, तुम्ही सगळे संध्याकाळी परत आलात. घाटावरून माणसं परत येईपर्यंत घरातल्या बायकांनी तोंडात काही घ्यायचं नाही, ही आपली रीत. आई तिथे काकूजवळ सकाळपासून उपाशी बसलेली, आधीच पित्ताची, शेवटी चक्कर येऊन पडली. ‘‘मी गेल्यावर तिला असं बसायला लागू नये, एवढंच होतं. मला मेलेल्याला ओलं काय नि कोरडं काय. आता घरात कोण उपाशी बसणार आहे?’’

इतकी वर्षं ती बिचारी त्या लाकडांवरून तुमच्याशी भांडत राहिली आणि तुम्ही तिला एकदाही हे सांगितलं नाहीत! मला भयंकर संताप आला होता. पण मी एवढंच म्हणाले, ‘‘मी आहे ना, नाना.’’ तर तुम्ही चक्क हसलात. ‘‘तू? तू चहा करून पिशील. तुझा कुठे विश्वास आहे असल्या रीतींवर.’’ आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागलात.

तुम्ही गेलात तेही आषाढात, धो धो पावसात. दादा आणि इतर सगळे सकाळी गेले ते दिवेलागणीपर्यंत परतले नाहीत. डिझेल झालं, जुने टायर झाले. मी बदलापूरच्या त्या घरात भिंतीला टेकून बसले होते आणि मनातल्या मनात तुम्हाला नाही नाही ते बोलत होते. शेजारच्या काकू सारख्या चहा घेऊन येत होत्या. म्हणत होत्या, अगं घे, हल्ली कोण पाळतं हे सगळं. त्यांचं बरोबरच होतं. असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही नाही.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठे, ते काल वक्त्यांनीही सांगितलं नाही. तेव्हा इथेच राहील. काकूंना मी सांगितलं होतं की मला ॲसिडिटी झालीय, चहा चालत नाही. खोटं होतं ते, नाना. मला फार भूक लागली होती.