विहिरीत लटकलेला भिकाजी

रवि., १२ जाने.

तुष्याचा चौथा भाऊ आज मेला. दरीत. बाजूला चांगल्या पायऱ्या होत्या, त्या दिसत असूनही.

खेळातला भाऊ. पण आमचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. आईने दारातच समजावलं, "काय नाय गो. आमचा मृणाल गोष्ट सांगता, हे तिघे सोंगा घेतत, नि फासो पडात तसा होता." याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं.

तुष्याला दुःख वगैरे काही नाही. चहा संपायच्या आत कागदावर नवं सोंग तयार. भिकाजी, पाचवा भाऊ, येण्याचं कारण नेहमीचंच: "भावाचो मुडदो शोधूक इलंय." अमेय पोट धरून हसला. स्नेहल नाही. तिची रेवा, वैदू, तीन वर्षं जिवंत आहे आणि या प्रत्येक भावाला तिनेच पट्ट्या बांधल्यात.

मीही हसले नाही. आठवडाभर ऑफिसात चोरून वेळ काढून मी तळघरं रचते, नि हा बाबा दार उघडायच्या आधी खिडकीतून उडी मारतो.

बुध., १५ जाने.

तुष्याला फोन. मुलुंडला कुठल्यातरी टॉवरची लिफ्ट दुरुस्त करत होता.

"जरा जपून खेळ ना रे."

"दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो मी. दहा वेळा बघून पाय टाकतो. रविवारी पण बघूनच टाकू?"

मुद्दा बरोबर आहे, हाच तर वैताग. पण तुझ्याबरोबर बाकीचेही पडतात त्याचं काय, हे विचारायचं फोन ठेवल्यावर सुचलं. नेहमीचंच.

रवि., १९ जाने.

वाट लागली.

किल्ल्यातली खोल विहीर, तळाशी पाणी घोंगावतंय. काठावर जुनी लोखंडी कडी, तिला दोरी. कडी भिंतीतून सुटत आलीय हेही मी सांगितलं होतं. सावकाश, एकेकाने उतरायचं, असं माझ्या मनात.

तुष्या चपला काढून खुर्चीवर चढला. खांद्यावर टॉवेल, हात जोडलेले, गाऱ्हाणं सुरू. प्रत्येक उडीच्या आधी घालतो, गावी देवळात घालतात अगदी त्याच सुरात. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकराक उडी मारूची बुद्धी दिलंस, आता खाली भुय पण तूच दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अमेय ओरडला. स्वयंपाकघरातून आई ओरडली. आणि मी. लहानपणापासून तो सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं.

आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, तोंडातून गेलं ते सोंगाने केलं. "व्हय म्हाराजा" झालं म्हणजे सगळ्यांचा होकार. म्हणून मी जाहीर केलं, तिघेही एका दोरीला, तिघांचीही उडी. स्नेहल "एक मिनिट" म्हणत होती बहुतेक. तोवर फासे पडले. भिकाजी लटकला, अमेयचा शिपाई लटकला. स्नेहलचा पडला एक. रेवाची गाठ सुटली, ती पाण्यात गेली. एक पडला की माणूस गेला. नि पडलेला फासा फिरवायचा नाही, हाही आमचाच नियम.

स्ने.ने रेवाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तो इतकी वर्षं माझ्या कपाटात असायचा.

सोम., २० जाने.

ग्रुपवर स्ने.चा मेसेज. "मी थांबते आता. तुम्ही खेळा." त्याला तुष्याचं उत्तर अंगठा. गाढव.

तिने फोन उचलला नाही. तीनदा केला. कॉलेजातली टिकलेली ही एकच मैत्रीण, नि तीसुद्धा या रविवारांमुळे टिकली. बाकीच्या लग्नं करून, नोकऱ्या धरून पांगल्या. रविवार गेला तर स्नेहल गेली. वर्षातून एकदा हॅपी बर्थडे, बस्स. नको आहे मला तसं.

गुरु., २३ जाने.

न सांगता घाटकोपरला, तिच्या लॅबवर. रक्ताच्या नळ्या लावून ठेवत होती. बाहेर आली.

"सॉरी म्हणायला आलीस की समजवायला?"

"दोन्ही."

"तुष्या उडी मारतो त्याचा राग नाही गं मला. मारू दे. पण मी कधी म्हणते का ते, तुमचं व्हय महाराजा?"

मी आठवत राहिले.

"आमच्या घरी बुद्धवंदना होते, गाऱ्हाणं नाही. देवाला साकडं मी खेळात पण घालत नाही. दर वेळी गप्प बसते. तीन वर्षं, मृणाल. तू समोर बसतेस यार."

गप्प बसलेलं ऐकू कसं येणार, असं ओठांवर आलं होतं. बरं झालं गिळलं. भिंतीपलीकडे कांदा चिरणाऱ्या आईचा होकार मी धरला, समोरच्या खुर्चीतलीचं बंद तोंड मला दिसलं नाही. लाज वाटली. भयंकर. रिक्षा न करता चालत सुटले, भलतीकडेच.

शनि., २५ जाने.

रेवाचा फासा फिरवायचा विचार कळवला होता, त्यावर अमेयचा फोन. "फासा फिरवलास तर खेळ कसला? उद्या मी पण म्हणेन, माझं तोंड बंद होतं." त्याचंही बरोबर. सगळेच बरोबर असतात नि डोकं माझं फिरतं.

स्ने.ला लिहिलं, उद्या ये, वाटलं तर शेवटचं. "बघते."

एकदा झाडलेलं घर पुन्हा झाडलं.

रवि., २६ जाने.

सोसायटीत झेंडावंदन, दुपारपर्यंत भोंगा. स्ने. उशिरा आली. पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

बसल्या बसल्या सांगून टाकलं. फासा फिरवतेय. रेवाने होकार दिलाच नव्हता, म्हणून तिने उडी मारलीच नाही. चूक माझी. यापुढे ज्याचं त्याने म्हणायचं, दुसऱ्याचं धरायचं नाही.

अमेयने तोंड वाकडं केलं. मी तुष्याकडे बघत होते, हा आता थयथयाट करणार. तो बोटांनी हवेत काहीतरी मांडत होता.

"म्हणजे तिच्या कमरेला दोरी नव्हती."

"नव्हती."

"म्हणजे आम्ही दोघं खाली लटकलोय, नि ती वर कडीपाशी. एकटी."

"हो."

"आणि कडी सुटत आलीय."

हा विचार मी केलाच नव्हता. लिफ्टवाल्याच्या डोक्यात बरोबर आला.

उठला, चपला काढल्या, खुर्चीवर चढला, हात जोडले. स्वयंपाकघरात आईची कढई थांबली. पण त्याने हात सोडले, वर दोरी धरल्यासारखे उचलले नि स्नेहलकडे बघून नुसतं म्हणाला, "ओढशील काय गो आमका?"

महाराजा नाही, काही नाही. आई दारातून डोकावली, गाऱ्हाणं का अडलं बघायला.

स्ने.ने पर्समधून कागद काढला. घडी उलगडली, हाताने सपाट केली. माझा लाल फासा उचलून मुठीत धरला.

"विचार करते."

तुष्या तसाच उभा, हात वर. अमेयने शेवटी चहा आणला, तर तुष्या म्हणाला दोन्ही हात अडकलेत, म्हणून अमेयने कप त्याच्या तोंडाला लावला. तेव्हा स्ने. हसली. अर्धवट.

मग तिच्या घरून फोन. निघावं लागलं. कागद परत नेला. फासाही मुठीतच गेला.

मंगळ., २८ जाने.

सकाळी ग्रुपवर तुष्या: "लटकलंय अजून. हात भरून इले."

स्ने.ने वाचलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही नाही. वांद्र्याच्या मीटिंगमध्ये मी टेबलाखाली फोन धरून बसलेली, पाय हलतोय, शेजारचे पाटील बघतायत.

चार वाजता आलं. "हात सोडू नकोस."

एवढंच. ओढते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही. रविवारी येतेस ना, असं मी तिला वेगळं लिहिलं नि खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. विचार करतेय म्हणाली आहे. करू दे.

पाय काही थांबत नाहीये माझा.